गाणं पोचलं, नाव राहून गेलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

परवा एक गंमत झाली. माझ्या बहिणीचा मुलगा अकोल्याला असतो. सकाळीच त्याचा मोबाईलवर निरोप आला, "मामू, हे गाणं ऐका. लय मस्त आहे. तुम्ही पण असं काही लिहीत जा ना!"

गाणं लावलं. पहिल्या ओळीलाच मी ओळखलं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं ते गाणं माझंच होतं. 1998 साली मूर्तिजापूरच्या एका भाड्याच्या खोलीत मी ते लिहिलं होतं. भाच्याकडे मात्र ते 'वऱ्हाडी हिट 14' या नावानं आलं होतं. खाली एका मोबाईलच्या दुकानाचं नाव होतं, त्या दुकानाचा फोन नंबरही होता. गाणाऱ्याचं नाव नव्हतं. लिहिणाऱ्याचं तर असण्याचा प्रश्नच नव्हता.

मला आधी हसू आलं, मग थोडं वाईट वाटलं, आणि मग चक्क आनंद झाला. इतक्या वर्षांनी ते गाणं फिरत फिरत माझ्याच घरी आलं होतं. आज मला ज्या प्रश्नावर बोलायचं आहे तो या तिन्ही भावनांच्या मध्ये कुठंतरी आहे. इंटरनेटवरून, मोबाईलवरून गाणी अशी फुकट वाटली जातात, त्यानं लहान, स्वतंत्र कलावंताचं भलं होतं की नुकसान? स्वतंत्र म्हणजे ज्याच्या पाठीशी कंपनी नाही, चित्रपट नाही. पदरचे पैसे घालून गाणं करणारा माणूस.

हा प्रश्न जगात गाजला तो 1999 साली. त्या वर्षी अमेरिकेत शॉन फॅनिंग नावाच्या एका विद्यार्थ्यानं नॅपस्टर सुरू केलं. एकाच्या संगणकातलं गाणं दुसऱ्याला आपल्या संगणकात फुकट उतरवून घेता येऊ लागलं. मेटालिका या प्रसिद्ध बँडनं 2000 साली नॅपस्टरवर खटला भरला, कंपन्याही कोर्टात गेल्या आणि 2001 च्या जुलैत ती सेवा बंद पडली. पण वाट एकदा पडली की गुरं त्याच वाटेनं जातात. नॅपस्टर गेलं, तिच्यासारख्या दहा जागा निघाल्या.

यात तोटा नेमका किती, यावर विद्वानांचंही एकमत झालं नाही. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांनी 2007 साली प्रबंध प्रसिद्ध करून सांगितलं, की फुकट उतरवण्याचा अल्बमच्या विक्रीवर झालेला परिणाम जवळजवळ शून्य आहे. लीबोविट्झ नावाच्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं ते साफ खोडून काढलं. त्याच वर्षी रेडिओहेड या बँडनं आपला नवा अल्बम इंटरनेटवर ठेवला आणि सांगितलं, तुम्हाला वाटेल ती किंमत द्या, नाही दिली तरी चालेल. त्याचं जगभर कौतुक झालं. पण त्यांचं नाव आधीच जगाला ठाऊक होतं. दर्यापूर तालुक्यातल्या गायकानं 'वाटेल ते द्या' म्हटलं, तर लोक काय देतील, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

म्हणून मी अमेरिकेत फार रमत नाही. आपल्या अमरावती-अकोल्याकडेच येतो. कारण गाणं वाटून घेण्याची गोष्ट आपल्याला इंटरनेटनं शिकवलेली नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव फिरले. त्यांची भजनं लोकांनी पाठ केली आणि पुढच्या गावाला दिली. कोणी परवानगी मागितली नाही, महाराजांना तशी अपेक्षाही नव्हती. बार्शीचे शाहीर अमर शेख, नाशिक जिल्ह्यातले वामनदादा कर्डक, यांची गाणी अशीच कंठातून कंठात गेली. विठ्ठल वाघ आमच्या अकोल्याचे. त्यांचं तिफणीचं गाणं चित्रपटात आलं आणि घराघरांत गेलं. पेरणीच्या दिवसांत ते गुणगुणणाऱ्या किती जणांना वाघ सरांचं नाव माहीत असेल, हा मात्र वेगळा प्रश्न.

मी स्वतःही या वाटपाचा लाभार्थी आहे. सुरेश भटांचा जन्म 1932 साली अमरावतीचा. मराठी गझलेचं व्याकरण सांगणारी त्यांची 'गझलेची बाराखडी' मला मिळाली ती झेरॉक्समध्ये. झेरॉक्सची झेरॉक्स, काही अक्षरं पुसट झालेली. कॉलेजातल्या एका मित्रानं दिली, त्याला कोणी दिली ते त्यालाही आठवत नव्हतं. त्या पुसट कागदांवर मी रदीफ, काफिया शिकलो. ते कागद फिरले नसते, तर बी.ए. होऊन मी कुठंतरी चिकटलो असतो, पण गझल लिहिली नसती. तेव्हा फुकट वाटणं म्हणजे चोरी, असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग अडचण कुठं आहे? ती मला एका मित्रामुळे समजली. तो गायक आहे. नाव सांगू नको, असं त्यानंच बजावलं आहे. एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतं, गणपतीत भजनं, उरुसात कव्वाली. ज्या मांडवात बोलावलं त्या मांडवात जाणारा माणूस. मला तो 'शायर' म्हणतो.

1998 साली आम्ही दोघांनी मिळून एक कॅसेट काढली. आठ गाणी, शब्द माझे, चाली आणि आवाज त्याचा. स्टुडिओ, वादक आणि एक हजार कॅसेटी मिळून खर्च आला 24 हजार रुपये. त्यातले 9 हजार मी भविष्य निर्वाह निधीतून उचलले, 15 हजार त्यानं म्हैस विकून आणि पतसंस्थेचं कर्ज काढून उभे केले. कॅसेट 30 रुपयांना. सगळ्या विकल्या असत्या, तर सहा हजार सुटणार होते.

पहिल्या हंगामात तीनशे गेल्या. आम्ही हवेत होतो. मग एका जत्रेत त्याला आमचीच गाणी ऐकू आली. कॅसेटच्या दुकानात वाजत होती. डबल डेकवर भरलेली कॅसेट, डबीत साधा पांढरा कागद, किंमत 15 रुपये. मित्र तावातावानं भांडायला गेला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "काहून तापता भाऊ? तुमचं गाणं लोक मांगून राह्यले म्हणून तं भरून देतो. तुम्ही येता का गावोगाव इकाले?"

त्या माणसाचा तेव्हा फार राग आला होता. आज वाटतं, तो अर्धं खरं बोलत होता. 1980 च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजनं स्वस्त कॅसेटी काढल्या तेव्हा देशातल्या लहानसहान बोलींतली गाणी बाजारात आली. कॅसेटचं यंत्र स्वस्त होतं, म्हणून वऱ्हाडी गाणं रेकॉर्ड करायची आमच्यासारख्यांची हिंमत झाली. आणि यंत्र स्वस्त होतं, म्हणूनच ते दुकानदारालाही परवडलं. ज्या दारानं आम्ही आत आलो, त्याच दारानं तोही आला.

आमच्या एकूण 430 कॅसेटी विकल्या गेल्या. उरलेल्या 570 त्याच्या माळ्यावर पडल्या. हिशेब केला तर 11 हजार 100 रुपयांचा खड्डा.

पण गोष्ट इथं संपत नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याला बुलढाण्याहून, वाशीमहून, पुसदहून सुपाऱ्या येऊ लागल्या. तिथं आमची एकही कॅसेट गेली नव्हती. गेली होती ती पंधरा रुपयांची, पांढऱ्या कागदाची. लोकांनी चौकशी करत करत त्याला शोधून काढलं. रात्रीचे 1500 घेणारा माणूस 4000 घेऊ लागला. पतसंस्थेचं कर्ज फिटलं, गोठ्यात पुन्हा म्हैस आली.

आणि माझं काय झालं? मला शाल आणि श्रीफळ मिळालं. एकदा नाही, बऱ्याचदा. आमच्या घरात शाली इतक्या झाल्या, की बेगम म्हणाली, आता एखादा आयोजक रजई देत असेल तर पाहा. गायकाला मंच आहे, मंचाला सुपारी आहे. कवीनं मंचावर जाऊन करायचं काय? गाणं फिरलं की गाणाऱ्याला पुढचा कार्यक्रम मिळतो. लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला, ढोलकी वाजवून घरी गेलेल्या वादकाला त्यातून काय मिळतं? 'फुकट वाटल्यानं कलावंताचा फायदा होतो' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, कोणत्या कलावंताचा?

मी हे मित्राला बोललो. म्हणालो, सुपारीत माझाही थोडा वाटा असावा. तो म्हणाला, "शायर, तुमचं म्हणणं बरोबर हाय. पण चार वादक, गाडीचं भाडं, रातचं जेवण. माह्या हातात राह्यते काय?" तोही खोटं बोलत नव्हता. पण शब्दानं शब्द वाढला आणि दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्या पंधरा रुपयांच्या कॅसेटनं माझं पैशाचं नुकसान किती केलं ते मी विसरलो आहे. ते दीड वर्ष विसरलो नाही. पुढं माझी आई गेली, तेव्हा तो रात्रीची गाडी पकडून आला, जनाज्याला खांदा दिला. विषय तिथंच संपला.

कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मेमरी कार्ड आलं. दहा-वीस रुपयांत दुकानदार कार्डात शेकडो गाणी भरून द्यायचा. 'वऱ्हाडी हिट 14' हे बारसं अशाच एखाद्या दुकानात झालं असावं. 2016 साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्डाचीही गरज उरली नाही.

मित्राच्या मुलानं मग आमची जुनी गाणी एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवली. आठ दिवसांत तिथून निरोप आला, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे, यावर जाहिरातीचं जे काही उत्पन्न येईल ते त्या मालकाला मिळेल. मालक म्हणजे आम्ही कधी नावही न ऐकलेली कुठलीशी कंपनी. तिनं भरलेल्या कॅसेटीतला आवाज उचलून आपल्या नावावर नोंदवला होता. अशा ठिकाणी माणूस बसून गाणी तपासत नाही. नोंदवलेल्या आवाजाचा ठसा यंत्राकडे असतो, नवं गाणं त्याच्याशी जुळलं की दावा आपोआप लागतो. यंत्राला इतकंच कळतं, की आधी कोणी नोंदवलं. आधी कोणी गायलं, हे त्याला कळत नाही.

मित्र हबकला. "माह्याच घरात मले चोर ठरवलं!" असं म्हणाला. मग माळ्यावरच्या त्या 570 कॅसेटी कामाला आल्या. बहुतेकांना बुरशी लागली होती, पण डबीतला छापील कागद शाबूत होता. त्यावर दोघांची नावं आणि साल. माझ्या पेटीत स्टुडिओची पावती निघाली. मुलानं दोन्हींच्या आधारे हरकत नोंदवली. समोरच्या कंपनीनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही आणि दावा उठला. कागद जपून ठेवा, असं वडीलधारी माणसं का सांगत, ते त्या दिवशी कळलं.

आणि मग 2020 साल उजाडलं. कोरोना आला, मांडव बंद झाले. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. जयंती नाही, उरूस नाही, गणपती नाही, लग्नात पन्नास माणसं. 'गाणी फुकट फिरू द्या, पैसा कार्यक्रमात मिळेल' हे गणित ज्या पायावर उभं होतं तो पायाच निघून गेला. लोक घरात बसून मोबाईलवर गाणी ऐकत होते. मित्राचं गाणं आधी कधी नव्हतं इतकं ऐकलं जात होतं, आणि तो हातगाडीवर कांदे-बटाटे विकत होता. एकदा एका गिऱ्हाइकाच्या खिशातला मोबाईल वाजला. रिंगटोन त्याच्याच आवाजात होती. त्यानं कांदे मोजून दिले, काही बोलला नाही. मला फोनवर सांगताना हसत होता. मला हसता आलं नाही.

त्याच दिवसांत मुलानं एक साधी गोष्ट केली. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला वडिलांच्या आवाजात गायक कोण, कवी कोण, ढोलकी कोणाची, हे टाकलं आणि शेवटी पैसे पाठवायचा तो चौकोनी ठिपक्यांचा कोड. कोणी वीस रुपये पाठवले, कोणी पाचशे. पुण्याला नोकरी करणाऱ्या वऱ्हाडातल्या एका मुलीनं हजार पाठवून लिहिलं, की हे गाणं तिची आजी म्हणायची, ते कोणाचं ते आज कळलं. तीन महिन्यांत साडेअकरा हजार जमले. त्यातून एका माणसाचं घर चालत नाही. पण मित्रानं त्यातला तिसरा हिस्सा मला पाठवला. मी परत करू लागलो तर म्हणाला, "ठेवा शायर. दीड वर्षाचं व्याज हाय."

या सगळ्यातून मला जे समजलं ते सांगतो. फुकट फिरण्यापेक्षा बेनाम फिरणं वाईट.

आपल्या जुन्या कवींना हे पक्कं ठाऊक होतं. तुकोबांच्या अभंगात शेवटी तुकोबांचं नाव येतं, तुकडोजींच्या भजनात तुकड्यादासाचं, वामनदादांच्या गाण्यात वामनचं. गझलेत मक्ता असतो, शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो. इलाही जमादारांच्या गझलांत 'इलाही' असा यायचा. लहानपणी वडिलांबरोबर उरुसात कव्वाली ऐकताना मला वाटायचं, हे बुवा स्वतःचंच नाव का घेतात? आता कळतं. नाव गाण्याच्या आत शिवलेलं होतं. कितीही जणांनी गाणं उचलून नेलं, तरी नाव बरोबर जायचंच. तिथं दाम नव्हता, पण नाव होतं. आमची पिढी आधुनिक झाली, शेवटच्या शेरात नाव घालणं आम्हाला जुनाट वाटू लागलं. नाव आम्ही डबीतल्या कागदावर छापलं, आणि दुकानदारानं तो कागदच काढून टाकला.

दुसरं घर होतं रेडिओचं. गाणं लावण्याआधी निवेदक सांगतो, गीतकार अमुक, संगीतकार तमुक. माझ्यासारख्या कितीतरी जणांना गीतकारांची नावं या निवेदनातूनच पाठ झाली. आणि कविता वाचली की आकाशवाणीचा धनादेश यायचा. रक्कम लहान असेल, पण त्यावर माझं नाव असायचं.

कायदाही नावाची कदर करतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमानं, हक्क विकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. 2012 साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी मोठा आग्रह धरला होता. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला करारानं काढून घेता येत नाही. तो वाटा गोळा करायला 1969 साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, तिचं सभासद होता येतं. पण आमच्या भागात किती गीतकार सभासद आहेत? आमचे करार चहाच्या टपरीवर होतात आणि तिथंच विसरले जातात. या बाबतीत चूक दुकानदाराची कमी आणि आमची जास्त.

म्हणून नव्या पोरांना माझं सांगणं आहे. गाणं फिरू द्या, अडवून ते अडणार नाही. पण गाण्याच्या आत नाव बोला. कवी, संगीतकार, वादक यांचा वाटा आधीच एका कागदावर लिहून सह्या करा, मैत्री टिकवायची असेल तर नक्कीच करा. पावत्या जपा. आणि ऐकणाऱ्यांना विनंती आहे. गाणं पुढं जरूर पाठवा, फक्त नावासकट पाठवा. नाव माहीत नसेल तर एकदा विचारा. विचारल्यावर सापडतं. जमलं तर वीस रुपयेही पाठवा, एका चहा-समोशाचे पैसे होतात. आयोजकांनी कवीला शाल पुरे करून पाकीट द्यायला सुरुवात करावी, ही विनंती बेगमच्या वतीनं.

तर, मी भाच्याला उत्तर पाठवलं, "बेटा, गाणं चांगलं आहे. गायक अमुक, आणि लिहिणारा तुझा मामू." त्याला ते खरं वाटलं नाही. त्यानं आधी आपल्या अम्मीला फोन करून खात्री करून घेतली. मग ते गाणं त्यानं पुन्हा सगळीकडे पाठवलं. या वेळी खाली दोन नावं होती. त्यातल्या एकाचं शुद्धलेखन चुकलं होतं. माझ्याच.

चालेल.